काही रात्रींसाठी भाड्याने द्यायच्या घरात कोणत्या सुविधा घ्याव्यात आणि कोणत्या घेऊ नयेत?

प्रश्न असा आहे: दोन बेडरूमचे घर दोन-चार रात्रींच्या मुक्कामासाठी भाड्याने द्यायचे आहे. बुकिंगच्या ॲपवर सुविधांची यादी लांबलचक आहे आणि सगळे घेण्याइतके पैसे नाहीत. मग आधी काय घ्यायचे, नंतर काय आणि घ्यायचेच नाही असे काय?

वस्तूंची यादी करण्याआधी घड्याळाकडे बघा. आधीचे पाहुणे सकाळी ११ वाजता निघतात, पुढचे दुपारी ३ वाजता येतात. मधल्या चार तासांत घरातली प्रत्येक वस्तू धुवायची, पुसायची, चालवून पाहायची आणि जागेवर ठेवायची असते. वस्तूची किंमत एकदाच द्यावी लागते, पण या चार तासांतला वेळ ती प्रत्येक मुक्कामाला मागते. म्हणून काहीही घेण्याआधी स्वतःला विचारा: अनोळखी माणसाला हे कुणी न शिकवता वापरता येईल का? सफाई करणाऱ्या व्यक्तीला हे दोन मिनिटांत तपासता येईल का? रात्री दहा वाजता हे बंद पडले तर पाहुण्याचे अडेल का, आणि अडले तर पर्याय काय? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती सुविधा जाहिरातीत लिहू नका.

सगळ्यात पहिला निर्णय मात्र वस्तूंचा नाही, माणसांचा आहे. दोन बेडरूममध्ये चार जण नीट राहतात. हॉलमध्ये सोफा-कम-बेड ठेवून क्षमता सहा लिहिण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण सहा लिहिले की जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या लागतात, बसायला सहा जागा, बाथरूममध्ये सहा खुंट्या, सहा जणांना पुरेल इतके गरम पाणी आणि हॉलमध्ये झोपणाऱ्यांची बॅग ठेवायला जागा लागते. त्यात सोफा-कम-बेडची गादी बहुधा १० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि खालची आडवी पट्टी पाठीला लागते. ठेवायचाच असेल तर ५ सेंटिमीटरचा टॉपर (गादीवर अंथरायची पातळ मऊ गादी), वेगळी चादर आणि पांघरूण त्याच्यासोबत हवे, आणि जाहिरातीत तो पलंग म्हणून मोजू नये. बाथरूम एकच असेल तर चारच्या वर जाऊच नका.

आता झोप. पैसा कमी असेल तर हॉलमधली चित्रे, शोभेच्या वस्तू, मोठा टीव्ही हे सगळे बाजूला ठेवून तो गादीवर घाला. पाहुण्यांच्या आवडी वेगवेगळ्या असल्याने मध्यम कडक गादी सुरक्षित. फोमची गादी पट्ट्यांच्या पलंगावर टाकणार असाल तर दोन पट्ट्यांतले अंतर ७-८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर फोम मध्ये खचतो. पलंग करकरतो तो बहुतेक वेळा सैल बोल्टमुळे. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट आवळायचे आणि डोक्याकडची फळी भिंतीला टेकते तिथे फेल्टचे तुकडे चिकटवायचे, एवढ्याने काम होते.

गादीवर जलरोधक प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून हवा. साधा प्लास्टिकचा घेऊ नका. तो कूस बदलली की खरखर वाजतो आणि गरम होतो, मग पाहुणे तो काढून टाकतात. कापडाला आतून पातळ पॉलियुरेथेनचा थर असलेला घ्या. शक्य असेल तर गादीला सगळीकडून झाकणारी चेनची खोळही घाला. बाहेरून बॅगेतून आलेला ढेकूण गादीच्या शिवणीत शिरून बसला की त्याला काढणे फार कठीण जाते. खोळ असेल तर त्याला गादीत लपायला जागा उरत नाही आणि तपासणीही सोपी होते. याच कारणासाठी बॅग ठेवायला धातूचा घडीचा स्टँड द्या. स्टँड नसला की बॅग पलंगावरच उघडली जाते. उशांनाही अभ्र्याच्या आत चेनचे प्रोटेक्टर हवेत. प्रत्येक माणसाला दोन उशा द्या, एक कडक आणि एक मऊ. उशीबद्दलची तक्रार गादीपेक्षा जास्त येते आणि तिच्यावरचा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

चादरी-टॉवेलांचा हिशोब सरळ आहे: प्रत्येक गोष्टीचे तीन संच. एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात. चार पाहुणे आणि दोन पलंग असतील तर अंघोळीचे १२ टॉवेल, हात पुसायचे १२, पायपुसणी प्रत्येक बाथरूममागे ३ आणि बेडशीटचे ६ संच. दोनच संच घेतले तर कपडे वेळेत न वाळण्याची एकच घटना पुढच्या पाहुण्याला दमट चादरीवर झोपवते. सगळे पांढरे घ्या. पांढरा रंग मिरवण्यासाठी नाही. पांढऱ्या कापडाला ब्लीच चालते, डाग दिसतो म्हणून काढता येतो, आणि एक टॉवेल फाटला तर नवा जुन्यात मिसळून जातो. रंगीत टॉवेल सहा महिन्यांत तीन छटांचे होतात. मेकअप पुसण्यासाठी मात्र गडद रंगाचे छोटे नॅपकिन वेगळे ठेवा, म्हणजे पांढरे वाचतील.

टॉवेल घेताना जास्त जाड म्हणजे जास्त चांगला, हा समज सोडा. ४५० ते ५५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) सुती टॉवेल अंग नीट पुसतो आणि चार तासांच्या चक्रात वाळतो. ७०० जीएसएमचा हाताला छान लागतो, पण मशीनमध्ये कमी मावतो, वाळायला कितीतरी जास्त वेळ घेतो आणि अर्धवट वाळून कपाटात गेला की कुबट वास धरतो. टॉवेल धुताना कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नका. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी शोषेनासा होतो. बेडशीटलाही ८०० किंवा १००० धाग्यांचा (एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांचा) आकडा नको. २०० ते ३०० धाग्यांची साध्या विणीची सुती चादर हवेशीर असते आणि पुन्हापुन्हा धुतली तरी टिकते.

खोलीत अंधार हवा. ब्लॅकआउट पडदे खिडकीच्या मापाचे घेतले तर कडेने उजेड येतोच. दोन्ही बाजूंना खिडकीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर जास्त रुंदी घ्या. पलंगाच्या दोन्ही बाजूंना सॉकेट आणि झोपल्या जागेवरून हाताला येईल असा दिव्याचा स्विच या दोन गोष्टींचे कौतुक कुणी लिहीत नाही, पण त्या नसल्या तर तक्रार नक्की लिहिली जाते. बेडरूममध्ये २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे, स्वयंपाकघरात ४००० केल्विनचे पांढरे.

आता गरम पाणी, कारण इथे हिशोब न करताच बहुतेक जण गीझर घेतात. साठवणीच्या १५ लिटर गीझरमध्ये पाणी ६० अंशांना तापले आणि नळाचे थंड पाणी २० अंशांचे असेल, तर ४० अंशांचे अंघोळीचे पाणी मिळते सुमारे ३० लिटर. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते चार मिनिटेही पुरत नाही. २५ लिटरचा गीझर असेल तर ५० लिटर, म्हणजे सहा मिनिटे. तेवढे पाणी पुन्हा तापवायला २ किलोवॅटच्या कॉइलला साधारण ३५ मिनिटे लागतात. म्हणजे एका बाथरूममध्ये चार जण पाठोपाठ शॉवर घेणार असतील तर २५ लिटरही अपुरे आहे. एक तर ५० लिटरचा बसवा किंवा शॉवरचा प्रवाह मिनिटाला ६ लिटरवर आणा. दुसरा उपाय स्वस्त आहे. चांगल्या दर्जाचा कमी प्रवाहाचा शॉवर फवारा पातळ करत नाही आणि तेच पाणी जास्त वेळ पुरवतो.

गीझरचा थर्मोस्टॅट ४५ वर ठेवून वीज वाचवू नका. फवाऱ्यातून श्वासात गेले तर न्यूमोनिया करणारे लिजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. टाकीतले पाणी ६० अंशांना असावे, पण नळातून तेच सरळ आले तर काही सेकंदांत कातडी भाजते. लहान मूल आणि वयस्कर माणूस यांना हा धोका जास्त. यावर उपाय म्हणजे गीझरच्या बाहेर येणाऱ्या नळीवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-थंड पाणी मिसळून ठरलेले तापमान राखणारी झडप) बसवून शॉवरचे पाणी ४५ अंशांच्या आत ठेवणे. घर आठवडाभर रिकामे राहिले असेल तर पुढचे पाहुणे येण्याआधी सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटे सोडून ठेवा. सोडताना शॉवर जमिनीलगत धरा, म्हणजे फवारा श्वासात जाणार नाही.

गॅसचा गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर घर भाड्याने देण्याआधी तो बाहेर काढा. याला दुसरा पर्याय नाही. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस दार लावून अंघोळ करताना बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला कळतही नाही.

बाथरूममधल्या बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत पण मोजून द्या: प्रत्येक माणसामागे एक खुंटी, शॉवरजवळ बाटल्या ठेवायला फळी, पाय न घसरणारी मॅट, झाकणाचा कचऱ्याचा डबा, संडासचा ब्रश, तुंबलेले पाणी मोकळे करायचा रबरी पंप आणि केस अडवणारी जाळी. साबण-शाम्पूसाठी भिंतीवर कुलूपबंद डिस्पेन्सर लावा. छोट्या बाटल्या दरवेळी अर्ध्या भरलेल्या फेकाव्या लागतात. टॉयलेट पेपर लावलेला एक रोल आणि नजरेला पडेल असे दोन जादा ठेवा. तो संपल्याचा फोन रात्रीच येतो.

इंटरनेटचा वेग जाहिरातीत लिहिण्याआधी तो राउटरशेजारी नाही, पलंगावर आणि कामाच्या टेबलावर बसून मोजा. चार जणांना ५० एमबीपीएस भरपूर होतात, पण व्हिडिओ कॉलसाठी अपलोडही किमान १० हवा. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी दोन भिंतींपलीकडे मंदावतो. २.४ गिगाहर्ट्झ जास्त आत पोहोचतो. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात कोंबू नका, घराच्या मध्यावर उंच ठेवा. तो कुलपात ठेवला तर पाहुण्याला बंद करून चालू करता येत नाही, आणि इंटरनेटच्या निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच मिटतात. वीज जाण्याची शक्यता असेल तर राउटर आणि फायबरचा मोडेम, दोन्हींना छोटा बॅटरी बॅकअप द्या. एकालाच दिला तर उपयोग शून्य. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवावे, पण त्यात एक अडचण दडलेली असते: बऱ्याच राउटरवर गेस्ट नेटवर्कमधली उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून फोनवरचे टीव्हीवर दाखवता येत नाही. टीव्हीही त्याच नेटवर्कवर घ्या आणि ते बंधन सेटिंगमध्ये काढा. टीव्हीवर पाहुणे स्वतःची खाती उघडतात. निघाल्यावर ती बंद करणे सफाईच्या यादीत लिहून ठेवा.

दाराला आकड्यांचे डिजिटल कुलूप लावले तर किल्ली देण्याघेण्याचा ताण जातो आणि प्रत्येक मुक्कामाला नवा कोड देता येतो. वाय-फाय बंद असतानाही कोड चालेल असेच मॉडेल घ्या. त्यात अल्कलाइन सेल घाला. रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतो आणि शेवटी एकदम घसरतो, त्यामुळे बॅटरी संपत आल्याची सूचना वेळेत मिळत नाही. सहा महिन्यांनी ठरलेल्या तारखेला सेल बदला, सूचनेची वाट पाहू नका. कुलूप लवकर सेल खात असेल तर दोष बहुधा दाराचा असतो. दमट हवेत लाकूड फुगते, बोल्ट चौकटीला घासतो आणि मोटर जोर लावत राहते. चौकटीतले भोक थोडे मोठे करा. साधी किल्ली बाहेर कोडच्या छोट्या पेटीत ठेवलीच पाहिजे, कुलूप कितीही चांगले असले तरी.

स्वयंपाकघरात मर्यादा घाला. दोन-तीन रात्री राहणारा माणूस न्याहारी करतो, चहा-कॉफी करतो, आणलेले गरम करतो. त्याला धारदार सुरी हवी, बोथट सुऱ्यांचा संच नको. चॉपिंग बोर्ड, झाकणाची दोन भांडी, २४ ते २६ सेंटिमीटरचे एक नॉनस्टिक पॅन, चाळणी, कॅन उघडायचे ओपनर, किटली, मायक्रोवेव्ह आणि माणशी दोन ताटे, दोन वाट्या, दोन ग्लास, दोन कप पुरतात. पॅनसोबत लाकडी किंवा सिलिकॉनचे उलथने द्या आणि धातूचे घरात ठेवूच नका, नाहीतर दोन महिन्यांत पॅन खरवडलेले दिसेल. इंडक्शन शेगडी असेल तर प्रत्येक भांड्याच्या तळाला चुंबक लावून पाहा. चिकटत नसेल तर त्या भांड्याला ती शेगडी ओळखणार नाही आणि पाहुणा शेगडी बिघडली म्हणून कळवेल. ज्यूसर, वॅफल मेकर, ब्लेंडर, कॅप्सूलचे कॉफी यंत्र यांना माझा विरोध आहे. सुटे भाग हरवतात, कोपऱ्यात अन्न अडकते आणि तपासायला वेळ जातो.

विजेचा भार कागदावर मांडा. किटली १५०० ते २००० वॉट, केस वाळवायचा ड्रायर १२०० ते १८००, गीझर २०००, इंडक्शन २०००, इस्त्री १००० च्या पुढे. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचे सर्किट सुमारे ३७०० वॉट पेलते. सकाळी आठ वाजता यातल्या तीन गोष्टी एकाच सर्किटवर चालू झाल्या की एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. गीझर, स्वयंपाकघर आणि एसी यांना वेगवेगळी सर्किट हवीत, सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचे वीजगळती संरक्षण हवे, आणि एमसीबीच्या पेटीत प्रत्येक बटणाखाली सुवाच्य नाव हवे. एक्स्टेंशन बोर्डवर ड्रायर आणि किटली लावू नये असे लिहिण्यापेक्षा योग्य जागी सॉकेटच द्या.

सुरक्षेची उपकरणे सुविधा म्हणून मोजू नका, ती घर उघडण्याची अट आहे. प्रत्येक बेडरूममध्ये आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये छताला धुराचा अलार्म. शेगडीपासून तो किमान ३ मीटर दूर असावा, कारण जवळ असला की फोडणीच्या धुरानेही वाजतो आणि कुणीतरी बॅटरी काढून ठेवतो. धुराच्या अलार्मचे आयुष्य १० वर्षे, तारीख मागे छापलेली असते. गॅसवर चालणारे काहीही घरात असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो. तो इंधन गॅसची गळती ओळखत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा गळती-सूचक जमिनीजवळ लावतात आणि नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्याचा छताजवळ. अग्निशामक २ किलोचा एबीसी पावडरचा चालेल, पण तो शेगडीच्या वर नव्हे, बाहेर पडायच्या दारापाशी टांगा. पेटलेल्या तेलाकडे हात नेऊन तो काढावा लागता कामा नये. शेजारी फायर ब्लँकेट ठेवा.

मुलांसाठी सोय आहे असे लिहायचे असेल तर दोन खेळणी ठेवून भागत नाही. बाल्कनीच्या गजांतले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी, खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही अशी अडक, पडद्याच्या दोऱ्या हाताबाहेर, सफाईची रसायने कुलपात, पट्टा असलेली उंच खुर्ची. बाळाच्या पाळण्यात घट्ट आणि सपाट गादी व ताणून बसवलेली चादर एवढेच द्यावे. उशी, दुलई, कडेची गुबगुबीत पट्टी यांत बाळाचा श्वास कोंडू शकतो. हे सगळे जमत नसेल तर ॲपवर मुलांच्या सोयीपुढे खूण करू नका.

गरम पाण्याचा टब आणि पोहण्याचा तलाव फोटोत छान दिसतात आणि बुकिंग आणतात, हे खरे. पण टबचे पाणी ४० अंशांच्या वर जाऊ नये, पीएच (आम्लतेचे माप) ७.० ते ७.८ आणि क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग) राहायला हवे, आणि वापर चालू असताना दिवसातून दोनदा ते मोजायला हवे. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडते, म्हणून चार माणसे तासभर बसली की आकडा पडतो. हे रोज करणारा माणूस जवळ नसेल तर टब घेऊ नका. तलावाला चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंचीचे, आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचे कुंपण हवे. तेवढ्याच पैशात दोन्ही खोल्यांत आवाज न करणारा एसी, उत्तम गाद्या आणि कपडे धुण्याचे मशीन येते, आणि ते रोज वापरले जाते. मशीन मात्र मुक्काम साधारण चार रात्रींच्या पुढचे असतील तरच. सोबत कपडे वाळत घालायचा स्टँड लागतोच.

घरात कॅमेरा नको. एअरबीएनबी या बुकिंग ॲपने एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांना पूर्ण मनाई केली आहे, बंद ठेवलेल्यालाही. बाहेरचा कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे जाहिरातीत लिहावे लागते.

सगळे जमल्यावर, पहिला पाहुणा येण्याआधी, चार माणसे घेऊन एक रात्र तिथे राहा आणि घर कुणालाही समजावून सांगू नका. सकाळी चौघांनी पाठोपाठ शॉवर घ्यायचा, त्याच वेळी किटली आणि ड्रायर चालू, दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांतून व्हिडिओ कॉल करायचा. कुणी काय शोधले, कशासाठी उठावे लागले, कुठला स्विच सापडला नाही, हे जागच्या जागी लिहून काढा. मग एका माणसाकडून पूर्ण सफाई करून घ्या आणि घड्याळ लावा. साडेतीन तासांच्या वर गेले तर वस्तू कमी करायच्या आहेत, आणि सुरुवात स्वयंपाकघराच्या वरच्या फळीपासून करायची.